वादळ कमकुवत झालं म्हणजे पूर टळला असं नाही: मराठवाड्यातल्या घरांसाठी आणि शेतांसाठी टप्प्याटप्प्याने तयारी

टीव्हीवर खाली पट्टी सरकते, "चक्रीवादळ कमकुवत, डिप्रेशनमध्ये रूपांतर", डिप्रेशन म्हणजे चक्रीवादळाहून कमी जोराचं कमी दाबाचं क्षेत्र, आणि आपल्याकडं लोक निवांत होतात की चला टळलं, तसंही ते आंध्रात धडकलं, आपण कुठं समुद्राकाठी राहतो. माझं यावर ठाम मत आहे की मराठवाड्यातल्या माणसानं त्या पट्टीनंतरच कामाला लागावं. बंगालच्या उपसागरातलं वादळ आपल्यापर्यंत पोचतं तेच मुळात कमकुवत होऊन, आणि माणसं, जनावरं, पिकं जातात ती पाण्यानं, वाऱ्यानं नाही.

२०२१ चं गुलाब आठवा. २६ सप्टेंबरला संध्याकाळी ते आंध्रच्या कलिंगपट्टणमजवळ किनाऱ्यावर आलं, दुसऱ्या दिवशी त्याचा जोर उतरला, तेलंगणातून सरकत ते आपल्याकडं आलं तोवर वारा म्हणावा असा राहिलाच नव्हता, पण पाऊस असा पडला की मांजरा धरणाचे १८ दरवाजे उघडावे लागले आणि लातूर, बीड, धाराशिवमध्ये नदीकाठच्या लोकांना काढायला बोटी आणि हेलिकॉप्टर आणावे लागले. त्याच पावसात २८ सप्टेंबरला उमरखेडजवळ दहागावच्या नाल्यावर पुलावरून पाणी जात असताना एसटी बस वाहून गेली आणि त्यात माणसं गेली. त्याच्या आदल्या वर्षी पण हेच, १३ ऑक्टोबर २०२० ला काकीनाड्याजवळ किनारा ओलांडलेलं डीप डिप्रेशन (डिप्रेशनहून थोडं जोरदार) हैदराबाद बुडवून सोलापूर, पुण्याकडं आलं आणि १४ तारखेला पंढरपुरात घाटाची भिंत कोसळून सहा जण गेले. दोन्ही वेळा बातम्यांची भाषा "कमकुवत झालं" अशीच होती.

याचं कारण समजून घेतलं की पुढचं सगळं सोपं जातं. वादळाला ताकद मिळते गरम समुद्राच्या वाफेतून, जमिनीवर आलं की ती बंद होते म्हणून वारा पडतो. पण वर ढगात भरलेलं बाष्प कुठं जात नाही, त्यात सप्टेंबरात मान्सून अजून चालू असतो त्यामुळे अरबी समुद्राकडून पण ओल येत राहते. आणि अशी पश्चिमेकडं सरकणारी सिस्टीम असली की सगळ्यात जास्त पाऊस बहुतेक वेळा तिच्या केंद्राच्या नैर्ऋत्येला पडतो, म्हणजे नकाशावर केंद्र विदर्भातून जाताना दिसलं तरी झोडपला जातो मराठवाडा. वरून आपली काळी जमीन, उन्हाळ्यात भेगा पडलेल्या असतात तेव्हा पाणी पिते, पण सप्टेंबरपर्यंत ती फुगून बंद झालेली असते, मग पडेल ते सगळं पाणी ओढ्याकडं पळतं. हिशोब करून बघा, एका एकरावर १०० मिलिमीटर पाऊस म्हणजे साधारण ४ लाख लिटर पाणी, १० हजार लिटरचे ४० टँकर, आणि हे फक्त तुमच्या एका एकराचं झालं.

आता काय करायचं ते क्रमानं सांगतो.

पहिलं काम: अंदाज नीट वाचणे

वादळ आंध्र किंवा ओडिशाच्या किनाऱ्याजवळ असतानाच तुमच्याकडं दीड-दोन दिवस असतात, तेव्हापासून हवामान खात्याचं जिल्हावार अलर्ट दिवसातून दोनदा बघायचं, व्हॉट्सअॅपवर फिरणारे लाल-जांभळे नकाशे नाही. यलो म्हणजे लक्ष ठेवा, ऑरेंज म्हणजे तयार राहा, रेड म्हणजे आता कृती करा. माझं म्हणणं, नदी-ओढ्याकाठच्या घरांनी ऑरेंजलाच रेड समजावं कारण रेड बऱ्याचदा उशिरा लागतो आणि तोवर अंधार झालेला असतो. "मुसळधार" म्हणजे २४ तासांत ६४.५ मिमीच्या वर, "अतिमुसळधार" ११५.६ च्या वर, आणि "अत्यंत मुसळधार" २०४.५ किंवा त्याहून जास्त. वाऱ्याच्या आकड्याकडं बघून काही ठरवू नका, डिप्रेशनमध्ये वारा ३१ ते ४९ किमी ताशी एवढाच असतो, त्यानं पत्रे उडतील न उडतील पण पुराशी त्याचा संबंध नाही.

तुमच्या गावात पाऊस नसला तरी वरच्या भागात किती पडतोय ते बघायचं, हे तर सगळ्यात महत्त्वाचं. मांजराकाठच्या माणसानं पाटोदा-केजकडचा पाऊस बघायचा, तेरणाकाठच्यानं धाराशिवकडचा, नांदेडच्या माणसानं जायकवाडी, माजलगाव आणि विष्णुपुरीचा विसर्ग. मोबाईलमध्ये सचेत आणि दामिनी ही दोन अॅप टाकून ठेवा, पहिलं सरकारी इशाऱ्यांसाठी, दुसरं विजांसाठी. तहसील आणि ग्रामपंचायतीच्या ग्रुपवर म्यूट असेल तर तेवढे चार दिवस म्यूट काढा.

दुसरं: आपल्या जागेचं पाणी ओळखणे

हे काम कोरड्या दिवसांत करायचं, खरं तर आजच करा. गावातल्या म्हाताऱ्या माणसाला विचारा की २०२१ ला, त्याच्या आधीच्या मोठ्या पुराला पाणी कुठपर्यंत आलं होतं, आणि त्या जागेवर भिंतीला रंगाची रेघ मारून ठेवा. पाटबंधारे खात्याची निळी रेषा आणि लाल रेषा असते, निळी साधारण २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची आणि लाल १०० वर्षांतून एकदा येणाऱ्याची, आपलं घर कुठल्या रेषेच्या आत आहे हे तलाठ्याकडं किंवा पाटबंधारेच्या ऑफिसात विचारता येतं. आपल्या भागात अडचण अशी आहे की मधली कित्येक वर्षं दुष्काळाची गेली, २०१६ ला लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणलं तेव्हा याच मांजरा धरणात काही उरलं नव्हतं, आणि त्या काळात नदीच्या पात्रात, ओढ्याच्या कडंनं आखाडे (शेतातली राहती घरं), गोठे, प्लॉटिंग, सगळं झालं. कोरडा ओढा बघून बांधलंय, पण पाण्याची जागा ती पाण्याचीच आहे.

धरणाखालच्या गावांनी एक प्रश्न शाखा अभियंत्याला किंवा पोलीस पाटलाला आत्ताच विचारून ठेवावा: दरवाजे उघडल्यापासून आमच्या गावात पाणी चढायला किती तास लागतात? हे उत्तर माहिती असलं की विसर्गाचा मेसेज तुमच्या कामाचा होतो. क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट, अंदाजे २८ लिटर, त्यामुळे "५० हजार क्युसेक" ऐकलं की सेकंदाला १४ लाख लिटर असं समजा. मागच्या वेळी किती क्युसेकला आपल्या फरशी पुलावर पाणी आलं होतं तो आकडा कुणीतरी वहीत लिहून ठेवला पाहिजे.

तिसरं: कधी निघायचं ते आधी ठरवणे

माझ्या मते सगळ्या तयारीत हेच खरं जीव वाचवणारं काम आहे आणि नेमकं हेच कुणी करत नाही. पाणी चढत असताना घरात चर्चा सुरू होते, बाप म्हणतो थांबू, पोरगं म्हणतं निघू, आजी म्हणते मी घर सोडत नाही, आणि यात तो तासभर जातो ज्यात रस्ता चालू होता. म्हणून आधीच बसून खूण ठरवा. उदाहरणार्थ, ऑरेंज अलर्ट आहे आणि संध्याकाळी पाचला पाऊस थांबलेला नाही तर आजी, लहान लेकरं, गरोदर बाई आणि आजारी माणूस अंधार पडायच्या आत उंचावरच्या नातेवाइकाकडं किंवा शाळेत जाणार, यावर वाद नाही. बाकीचे कधी निघणार, तर पाणी अमुक लिंबाच्या झाडाला किंवा अमुक पायरीला लागलं की. काठावर एक काठी रोवून त्यावर वीतभर अंतरावर खुणा करा आणि अर्ध्या तासानं बघा, अर्ध्या तासात वीतभर चढत असेल तर सामान राहू द्या आणि निघा.

गुलाबच्या वेळी मुख्य पाऊस रात्रीतून झाला. रात्री पाणी दिसत नाही, लाइट गेलेली असते, पुलाचा कठडा कुठं संपतो ते कळत नाही. त्यामुळे शंका असेल तर दिवसाउजेडी हलायचं, पूर आलाच नाही तर एक रात्र पाहुण्याकडं झोपलो एवढंच होईल.

आखाड्यावर राहणारा सालगडी आणि त्याचं कुटुंब, वीटभट्टीवरचे लोक, मेंढपाळ, ऊसतोडीला आलेल्या टोळ्या, यांना मेसेज पोचत नाही. त्यांना सांगायची जबाबदारी मालकानं आणि शेजारच्या शेतकऱ्यानं घ्यायची, फोन लागत नसेल तर कुणीतरी उजेडात जाऊन सांगून यायचं.

चौथं: घर, शेत, जनावरं

घरातलं थोडक्यात. एक बॅग भरून दाराजवळ:
- आधार, रेशनकार्ड, सातबारा, बँक पासबुक, पॉलिसी, हे सगळं जाड प्लास्टिकच्या पिशवीत, आणि सगळ्याचे फोटो मोबाईलमध्ये
- बीपी-शुगरच्या आठवडाभर पुरतील एवढ्या गोळ्या, बाळाची दुधाची पावडर, ओआरएस
- चार्ज केलेली बॅटरी, पॉवर बँक, काडीपेटी, शिट्टी
- चिवडा, फुटाणे, गूळ, पाण्याच्या बाटल्या, थोडी रोकड कारण लाइट गेली की फोनवरून पैसे जात नाहीत

धान्याची कोठी, फ्रीज, इन्व्हर्टरची बॅटरी जमेल तेवढं वर घ्या. गॅसचा रेग्युलेटर काढून टाकीला टोपण लावा आणि टाकी कशाला तरी बांधा, पुरात ती तरंगते आणि आपटते. संडासाच्या भांड्यातून आणि मोरीतून गुडगुड आवाज येत घाण पाणी वर यायला लागलं तर ओळखा की बाहेरची गटार भरली आहे, रस्त्यावर पाणी दिसायच्या आधीच बऱ्याचदा घरात हे दिसतं. मातीनं भरलेलं पोतं भांड्यावर आणि मोरीच्या तोंडावर दाबून ठेवा.

शेतातलं मात्र सविस्तर बोलावं लागेल कारण माणसं अडकतात ती इथं. सप्टेंबर अखेर म्हणजे सोयाबीनची काढणी, काढून बनीम (गंज) घातलेली असते, कधी नेमकी ओढ्याच्या बाजूच्या सपाट तुकड्यात. अंदाज आला की जे काढलंय ते मळणी करून घरी आणा, जमत नसेल तर बनीम उंच भागात हलवा, खाली लाकडं किंवा दगड, वरून ताडपत्री, दोरीनं आवळून. जे उभं आहे ते घाईनं कापून भिजवू नका. आणि एकदा पाणी वाढायला लागलं की बनीम वाचवायला रात्री शेतात जायचं नाही, वर्षाची कमाई डोळ्यासमोर जाते हे मला कळतं, पोटात तुटतं, पण त्या बनीमपायी गेलेला माणूस परत येत नाही. तेच मोटारीचं, नदीवरची मोटार आणि स्टार्टर आदल्या दिवशी दुपारी काढून घ्यायचा, पूर आल्यावर मोटार काढायला पात्रात उतरायचं नाही.

जनावरं दावणीला बांधून निघून जाऊ नका. शक्य असेल तर आदल्या दिवशीच उंचावर न्या, दोन दिवसांचा कडबा तिकडं टाका. ऐनवेळी निघावं लागलं तर दावं सोडा, वेसण किंवा गळ्यातली दोरी कशात अडकणार नाही असं बघा, मोकळं जनावर पोहतं आणि बऱ्याचदा वाचतं, बांधलेलं जागेवर मरतं. शेळ्या आणि कोंबड्या मात्र सोडून भागत नाही, त्या आधीच हलवाव्या लागतात.

पाचवं: ती रात्र

घरातच राहायचं ठरलं असेल, म्हणजे घर उंचावर आणि पक्कं असेल, तर सगळे एकाच खोलीत झोपा आणि एक जण पाळीनं जागा. पाणी अंगणात यायच्या आधी मेन स्विच बंद, हात आणि पाय कोरडे असतानाच. इन्व्हर्टर असेल तर तो वेगळा बंद करा, मेन बंद केला तरी इन्व्हर्टर वायरिंगमध्ये करंट सोडतच असतो. पाण्यात उभं राहून बोर्डाला हात लावायचा नाही, त्यापेक्षा १९१२ वर महावितरणला किंवा सरळ लाइनमनला फोन करून डीपीवरून लाइन पाडायला सांगा.

मदत लागली तर ११२, जिल्ह्याच्या आपत्ती नियंत्रण कक्षाला १०७७, अॅम्ब्युलन्सला १०८. फोनवर आधी गाव, वस्तीचं नाव, किती माणसं, त्यात आजारी किती, एवढं सांगा आणि लोकेशन पाठवा, मग बाकीचं. छतावर असाल तर रंगीत साडी किंवा चादर पसरा, रात्री बॅटरी थांबून थांबून मारा. आणि मोबाईलची बॅटरी पुराचे व्हिडिओ काढण्यात घालवू नका.

कुणी वाहत जाताना दिसलं तर मागं उडी मारायची नाही, कितीही चांगलं पोहता येत असलं तरी, विहिरीत पोहणं वेगळं आणि पुरात वेगळं. दोरी फेका, ट्रॅक्टरची ट्यूब फेका, तेलाचे पाच लिटरचे रिकामे कॅन झाकण घट्ट लावून दोरीला बांधून फेका.

सहावं: फरशी पूल, नाला, रस्ता

पुलावरून पाणी जात असेल तर थांबायचं, यात दुसरा पर्यायच नाही. वेगानं वाहणारं अर्धा फूट पाणी माणसाचे पाय उचलतं, एक फूट पाण्यात छोटी कार तरंगायला लागते, दोन फुटांत जीप पण जाते. आपल्याकडं लोकांचा ट्रॅक्टरवर फार भरवसा, की जड आहे, जातंय, पण मागचे मोठे टायर हवेनं भरलेले असतात आणि ट्रॉली पाण्याला आडवी असते, पाणी ट्रॉलीला ढकलतं आणि ट्रॉली ट्रॅक्टरला ओढून नेते. शिवाय गढूळ पाण्याखाली भराव खचलाय का ते वरून कुणालाच दिसत नाही, ड्रायव्हर कितीही जुना असू द्या. एसटीत असाल आणि पुढं पुलावर पाणी असेल तर सगळ्या प्रवाशांनी मिळून गाडी थांबवायला सांगा, लाजू नका.

गाडी पाण्यात बंद पडलीच तर सेल्फ मारत बसू नका. बेल्ट काढा, काच चालू आहे तोवर खाली करा, बाहेर या, जमलं तर टपावर. पुणे, संभाजीनगरसारख्या शहरात राहणाऱ्या मंडळींनी बेसमेंटमधली गाडी काढायला पाणी भरताना खाली जाऊ नये आणि अंडरपास टाळावा, तिथं पाणी काही मिनिटांत भरतं आणि वर यायला एकच वाट असते.

सातवं: पाणी उतरल्यावर

ऊन पडलं की सगळ्यांना वाटतं संपलं. जुन्या मातीच्या भिंतींची, माळवदाची घरं यानंतर पडतात. भिंत पाणी पिऊन जड झालेली असते, पायाची माती सैल झालेली असते, आणि वाळताना ती सुटते. आत जायच्या आधी बाहेरून बघा, भिंतीला पोट आलंय का, कोपऱ्यात नवी उभी चीर पडली आहे का, दार चौकटीत अडकायला लागलंय का, माळवदातून माती झडतीय का. यातलं एक जरी असेल तर त्या घरात झोपायचं नाही, शेजारची भिंत तशी असेल तर तिच्या कडंनं पण नाही. निदान आठवडाभर लेकरांना त्या बाजूला खेळू देऊ नका.

लाइट चालू करायच्या आधी वायरमनकडून बोर्ड आणि मीटर बघून घ्या, भिजलेली मोटार सुकवल्याशिवाय स्टार्टर दाबू नका. सोलर पंप असेल तर दिवसा पॅनलमधून करंट येतच असतो, तुटलेल्या वायरीला हात नको.

साप या दिवसांत घरात, गंजीत, लाकडांत, चपलेत सुद्धा येतात, त्यांची पण बिळं बुडालेली असतात. हात घालायच्या आधी काठीनं हलवा, बूट झटका. नाग, मण्यार, घोणस, फुरसं यातलं काहीही चावलं असा संशय जरी आला तरी चिरा देणं, आवळून बांधणं, मांत्रिक यात वेळ न घालवता माणसाला न चालवता, चावलेला भाग न हलवता ग्रामीण रुग्णालयात न्या, लस तिथं असते. मण्यार रात्री झोपेत चावते आणि जागा बऱ्याचदा दिसत पण नाही, सकाळी पोट दुखणं, पापण्या जड होणं एवढंच दिसतं, तेव्हा पुरानंतरच्या दिवसांत अशा माणसाला अॅसिडिटी समजून घरी ठेवू नका.

पिण्याचं पाणी खळखळ उकळून, मिनिटभर तशीच उकळी ठेवून मगच प्या, किंवा आशाताईंकडून मेडिक्लोर (पाणी शुद्ध करायचं क्लोरीनचं औषध) घेऊन बाटलीवर लिहिलंय तेवढंच टाका. पुराचं पाणी शिरलेली विहीर उपसून, टीसीएल (ब्लीचिंग पावडर) टाकून, ओटी टेस्ट (पाण्यात क्लोरीन आहे का ते बघायची तपासणी) होईपर्यंत वापरू नका. चिखलात काम करताना पायाला जखम असेल तर बूट घाला, आठवडा-दोन आठवड्यांत ताप, पोटऱ्या दुखणं, डोळे लाल असं झालं तर डॉक्टरला पुराच्या पाण्यात उतरलो होतो हे सांगा, लेप्टोचा (लेप्टोस्पायरोसिस, पुराच्या घाण पाण्यातून होणारा आजार) विचार त्यांना लगेच करता येतो.

नुकसानीचं बघायचं तर काही साफ करायच्या आधी फोटो आणि व्हिडिओ काढा, लोकेशन चालू ठेवून, वाहून गेलेल्या बनीमची जागा, खरडून गेलेली जमीन, पडलेली भिंत. महसूल मंडळात २४ तासांत ६५ मिमीच्या वर पाऊस झाला की अतिवृष्टी धरतात, पण नदीचं पाणी शिरून नुकसान झालं असेल तर मंडळात पाऊस कमी असला तरी पंचनाम्यासाठी अर्ज द्या. पंचनामा तलाठी, ग्रामसेवक आणि कृषी सहायक मिळून करतात, त्यांच्यासोबत स्वतः बांधावर उभे राहा, गट नंबर आणि क्षेत्र बरोबर लिहिलंय का वाचून मगच सही करा. पीक विम्याच्या तुमच्या पॉलिसीत स्थानिक आपत्तीचं संरक्षण असेल तर ७२ तासांच्या आत १४४४७ वर किंवा अॅपवर कळवावं लागतं, आणि फोन केल्यावर तक्रार नंबर लिहून घ्या. मेलेलं जनावर पुरायच्या आधी पशुवैद्यकाकडून शवविच्छेदन करून घ्या, कानातल्या टॅगसकट फोटो ठेवा, नाहीतर मदत अडकते. ई-पीक पाहणी राहिली असेल आणि मुदत चालू असेल तर तीही त्याच आठवड्यात उरकून घ्या.